आधी घेतलेले कोर्स, मग नवे: हिशेबाच्या कार्यालयातील डिजिटल शिक्षण

हिशेब आणि करसल्ल्याचे काम करणाऱ्या लहान कार्यालयांत गेल्या काही वर्षांत डिजिटल शिक्षणसाहित्याचा मोठा साठा जमला आहे. त्यात रेकॉर्ड केलेले व्हिडिओ कोर्स असतात, पीडीएफ पुस्तके असतात, वेबिनारची रेकॉर्डिंग, सरावाच्या एक्सेल फाइली, तयार टेम्प्लेट आणि वार्षिक वर्गणीवर चालणारी अ‍ॅपही असतात. एक्सेल, टॅली, जीएसटी आणि टीडीएस हे त्यांचे नेहमीचे विषय. हे साहित्य कधी कार्यालयाचा मालक विकत घेतो, कधी तिथला अकाउंटंट आपल्या पगारातून. बहुतेक ठिकाणी त्यातला थोडाच भाग उघडून पाहिलेला असतो. तरीही पुढची अडचण आली की शोध नव्या कोर्सचाच सुरू होतो.

हा साठा वाढण्याची कारणे कामातच आहेत. 1 जुलै 2017 रोजी जीएसटी लागू झाला आणि व्हॅटच्या काळात तयार झालेल्या सगळ्या अकाउंटंटना एकाच वेळी नवे शिकावे लागले. त्याच्या आधीच्या सप्टेंबरात जिओ आल्यापासून मोबाइलवर तासन्‌तास व्हिडिओ पाहणे परवडू लागले होते. 2020 च्या टाळेबंदीत क्लास बंद झाले आणि शिकवणारेही रेकॉर्डिंगकडे वळले. त्याच वर्षी नोव्हेंबरात टॅली.ईआरपी 9 च्या जागी टॅलीप्राइम आले. ई-इनव्हॉइसची मर्यादा टप्प्याटप्प्याने उतरत 1 ऑगस्ट 2023 पासून पाच कोटींच्या उलाढालीवर आली, आणि तोवर ज्यांचा या प्रकाराशी संबंध नव्हता ते कापड व्यापारी आणि कारखानदारही त्यात ओढले गेले. प्रत्येक बदलाबरोबर कोर्सची एक लाट येते. ऐन सवलतीत एखादा कोर्स चारपाचशे रुपयांत मिळतो, त्यामुळे घेताना फार विचार होत नाही.

खरेदीची वेळही पाहण्यासारखी असते. ती शांत दिवसांत क्वचितच होते. रिटर्नची तारीख तोंडावर आलेली असते, पार्टीचा, म्हणजे ग्राहकाचा, फोन सारखा वाजत असतो, किंवा विभागाकडून नोटीस आलेली असते. अशा वेळी कोर्स विकत घेतला की अडचणीवर काहीतरी केल्याचे समाधान मिळते आणि जिवाला बरे वाटते. मग तारीख उलटते, निकड ओसरते आणि पहिल्या दोन व्हिडिओंच्या पुढे कोणी जात नाही. त्या घडीला कमी पडत असतो तो सराव आणि सरावाचा वेळ, आणि उणीव भासते ती साहित्याची. ही गल्लत समजून घेतली तर जवळच्या साठ्याकडे वेगळ्या नजरेने पाहता येते.

ऑनलाइन शिक्षणातील गळती सर्वत्र मोठी आहे. हार्वर्ड आणि एमआयटी यांच्या 2012 ते 2018 मधील खुल्या ऑनलाइन कोर्सची माहिती तपासून जस्टिन राइश आणि होजे रुइपेरेझ-व्हॅलियेंते यांनी 2019 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात निष्कर्ष मांडले. नाव नोंदवणाऱ्यांपैकी 52 टक्के लोकांनी कोर्सच्या आत पाऊलही टाकले नव्हते. 2017-18 मध्ये सर्व नोंदणीदारांपैकी कोर्स पुरा करणारे जेमतेम 3 टक्के होते. प्रमाणपत्रासाठी पैसे भरणाऱ्यांत हे प्रमाण 46 टक्के होते. पैसे मोजल्याने ओढ निर्माण होते, एवढे यातून दिसते. पण ती ओढ टिकत नाही. हॅल आर्क्स आणि कॅथरिन ब्लूमर यांचा 1985 चा प्रयोग या बाबतीत बोलका आहे. ओहायो विद्यापीठाच्या नाट्यगृहाची हंगामी तिकिटे घेणाऱ्यांपैकी काहींना त्यांनी अचानक सवलत दिली. पूर्ण किंमत मोजलेले प्रेक्षक हंगामाच्या पहिल्या अर्ध्यात अधिक नाटकांना आले. दुसऱ्या अर्ध्यात हा फरक उरला नाही. सवलतीत घेतलेल्या कोर्सची ओढ मुळातच कमी असते आणि तीही काही महिन्यांत विरते. म्हणून सहा महिन्यांपूर्वीचा कोर्स आपोआप कधीतरी पाहिला जाईल, ही आशा ठेवण्यात अर्थ नाही. त्याला कामाशी मुद्दाम बांधावे लागते.

पहिले काम म्हणजे काय काय जवळ आहे याची नोंद. हिशेब लिहिणाऱ्यांना ही गोष्ट अवघड नाही, पण स्वतःच्या साठ्याची अशी वही त्यांच्याकडेही सहसा नसते. कोर्स एका जागी नसतात. काही खात्यांत लॉगिन करून मिळतात, काही टेलिग्रामच्या चॅनेलवर, काही गूगल ड्राइव्हवर, तर काही जुन्या पेनड्राइव्हमध्ये. ई-मेलमध्ये पावत्या शोधल्या आणि वर्षभराचे बँक स्टेटमेंट चाळले की विसरलेल्या गोष्टी वर येतात. नोंदीत नाव आणि किंमत यांपेक्षा पुढील तपशील उपयोगाचे ठरतात: सॉफ्टवेअरची कोणती आवृत्ती शिकवली आहे, सरावाच्या फाइली सोबत आहेत का, शेवटची दुरुस्ती कधीची आहे आणि तो कधीपर्यंत उघडेल. शेवटच्या मुद्द्यावर अनेकांची फसगत होते. आपल्या डिस्कवर उतरवून घेतलेले पुस्तक आपल्याजवळ राहते. ‘लाइफटाइम’ म्हणून विकलेला कोर्स मात्र पाहण्याचा परवाना असतो; विक्रेत्याने संकेतस्थळ बंद केले तर तोही संपतो. वर्षभराच्या मुदतीचे कोर्स तर तारखेला बंद होतात. त्यामुळे वापराचा क्रम लावताना आवडीपेक्षा मुदत आधी पाहावी लागते.

यानंतर जुने झालेले आणि न झालेले वेगळे करावे लागते. करविषयक कोर्समध्ये दोन प्रकारचा मजकूर मिसळलेला असतो. दर, मर्यादा, तारखा आणि फॉर्म हा भाग लवकर कालबाह्य होतो. 22 सप्टेंबर 2025 पासून बहुतेक वस्तूंसाठी 12 आणि 28 टक्क्यांचे टप्पे संपले आणि 5 व 18 हे मुख्य दर राहिले. त्या तारखेआधीच्या कोणत्याही कोर्समधील दरांचे प्रकरण आता वापरता येत नाही. 2025 चा आयकर कायदा 1 एप्रिल 2026 पासून लागू होताना कलमांचे क्रमांकच बदलले, त्यामुळे टीडीएसच्या जुन्या तक्त्यांचीही तीच गत. पण पुरवठ्याचे ठिकाण कसे ठरते, इनपुट टॅक्स क्रेडिट कोणत्या अटींवर मिळते, डेबिट नोट आणि क्रेडिट नोट यांचा परिणाम कोणत्या बाजूला जातो, हे समजावणारे पाठ तेवढे जुने होत नाहीत. टॅलीचेही तसेच आहे. टॅली.ईआरपी 9 वर शिकवलेल्या कोर्समधील पडदे वेगळे दिसतात आणि टॅलीप्राइममधील ‘ऑल्ट’ आणि ‘जी’ दाबून उघडणारी ‘गो टू’ सोय त्यात नसते. लेजर, ग्रुप आणि व्हाउचर यांची मांडणी मात्र तीच राहिली आहे. अशा कोर्सला जुना म्हणून बाजूला सारणे म्हणजे त्यातला टिकाऊ भागही गमावणे. बदललेल्या दरांसाठी केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाच्या अधिसूचना संकेतस्थळावर मोफत वाचता येतात आणि विक्रेत्याच्या सारांशापेक्षा त्याच अधिक भरवशाच्या असतात.

एक्सेलच्या बाबतीत आवृत्ती निर्णायक ठरते. एक्सलुकअप हे फंक्शन मायक्रोसॉफ्टने ऑगस्ट 2019 मध्ये जाहीर केले. ते मायक्रोसॉफ्ट 365 आणि एक्सेल 2021 मध्ये आहे. एक्सेल 2016 आणि 2019 मध्ये नाही. पॉवर क्वेरी एक्सेल 2016 पासून आतच येते, 2010 आणि 2013 साठी ती वेगळी बसवावी लागत असे. कार्यालयातील संगणकावर 2016 असेल आणि नव्या कोर्समध्ये सगळे काम एक्सलुकअपने करून दाखवले असेल, तर तो पाहणाऱ्याच्या हाती सूत्राची चूक दाखवणारा सेल येतो आणि दोष आपलाच असे त्याला वाटते. त्या संगणकासाठी आधी घेतलेला, व्हीलुकअप नीट शिकवणारा कोर्स अधिक कामाचा असतो.

साठ्याचा वापर कसा होतो हे एखाद्या खऱ्या कामावरून अधिक स्पष्ट होते. जीएसटीआर-2बी, म्हणजे पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांची महिन्याची यादी, आणि खरेदी रजिस्टर यांची जुळवणी हे दर महिन्याचे काम त्यासाठी योग्य आहे. 1 जानेवारी 2022 पासून, पुरवठादाराने दाखवलेले आणि 2बी मध्ये आलेले बिल असेल तरच त्यावरचे क्रेडिट घेता येते. म्हणून 14 तारखेला 2बी तयार झाली की ती उतरवून पार्टीच्या खरेदीशी ताडून पाहावी लागते. इचलकरंजीतला एखादा यंत्रमागधारक किंवा नाशिकमधला सुट्या भागांचा विक्रेता घेतला तरी महिन्याला शेकडो बिले असतात. ही जुळवणी अनेक कार्यालयांत अजूनही दोन कागद शेजारी ठेवून, पेन्सिलीने खुणा करत होते. आणि त्याच कार्यालयातील एखाद्या खात्यात एक्सेलचे दोनतीन कोर्स पडून असतात.

कोर्समधला सरावाचा तक्ता स्वच्छ असतो. 2बी ची फाइल तशी नसते. तिच्यात बी2बी, क्रेडिट-डेबिट नोटा, दुरुस्त्या अशी अनेक पाने असतात आणि वरच्या काही ओळी जोडलेल्या सेलमधील शीर्षकांच्या असतात. त्या काढून एकच सरळ शीर्षकओळ केल्याशिवाय पुढचे काहीच चालत नाही. मग व्हीलुकअप लावले की निम्म्या ओळींत ‘सापडले नाही’ असा संदेश येतो. साधारण याच टप्प्यावर अकाउंटंट नवा, ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ नावाचा कोर्स शोधू लागतो. खरे कारण बहुधा बिल क्रमांकात असते. जीएसटीच्या नियमानुसार बिल क्रमांक जास्तीत जास्त 16 अक्षरांचा असू शकतो आणि त्यात आडवी रेघ व तिरकी रेघ चालते. पुरवठादार तिरकी रेघ देऊन क्रमांक लिहितो, खरेदीची एंट्री करणारा मधली रेघ टाकतो किंवा फक्त शेवटचे आकडे लिहितो. कुठे शेवटी एक अदृश्य मोकळी जागा असते, कुठे एक्सेलने सुरुवातीची शून्ये खाल्लेली असतात. ट्रिम, सब्स्टिट्यूट, अपर ही अक्षरांवर काम करणारी फंक्शने इथे लागतात. जवळच्या जवळजवळ प्रत्येक एक्सेल कोर्समध्ये त्यांचे प्रकरण असते आणि प्राथमिक म्हणून तेच सर्वांत आधी वगळले जाते.

क्रमांक साफ झाल्यावरही दोन वेगळ्या पुरवठादारांचा बिल क्रमांक एकच निघतो आणि भलत्याचीच रक्कम समोर येते. त्यावर उपाय म्हणजे जीएसटीआयएन आणि बिल क्रमांक जोडून एक किल्ली तयार करणे. जीएसटीआयएन 15 अक्षरांचा असतो. पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्रासाठी 27 आणि गोव्यासाठी 30, आणि पुढची दहा अक्षरे पॅनची. या रचनेमुळे त्याची लांबी तपासूनच टायपिंगच्या बऱ्याच चुका पकडता येतात. ही किल्ली दोन्ही तक्त्यांत डाव्या टोकाला ठेवावी लागते, कारण व्हीलुकअप आपल्या उजवीकडेच पाहते. त्याचा चौथा भाग लिहिलाच नाही तर ते जवळपासची किंमत शोधून देते, आणि कराच्या कामात अशी चूक सहज डोळ्यांना दिसत नाही. एक रुपयाच्या फरकामुळे न जुळणारी बिले राउंड वापरून किंवा फरकाची मर्यादा ठरवून वेगळी काढता येतात. शेवटी उरतात ती खरोखर न आलेली बिले, आणि त्यांतली काही पुरवठादाराने उशिरा दाखवलेली असल्याने पुढच्या महिन्याच्या 2बी मध्ये येतात. तिथे अनेक महिन्यांच्या फाइली एका फोल्डरमध्ये ठेवून एकाखाली एक जोडण्याची गरज पडते. पॉवर क्वेरीचा पाठ पाहण्याची खरी वेळ ही असते. त्याआधी पाहिला असता तर तो लक्षात राहिला नसता.

या सगळ्यात कोर्सचा क्रम कामाने ठरवला, अनुक्रमणिकेने नाही. काम अडले, त्या अडचणीचा पाठ शोधला, पाहिला, लगेच आपल्या फाइलवर केला. एकाच कामात तीन वेगळ्या कोर्समधील पाठ लागले आणि त्यांतला एकही कोर्स पूर्ण झाला नाही, तरी हरकत नाही. हिशेबाच्या कार्यालयात कोर्स पूर्ण होण्यापेक्षा जुळवणी पूर्ण होण्याला महत्त्व आहे. पार्टीचा डेटा मात्र सरावासाठी कुणाकडे पाठवायचा नसतो, तो शिकवणाऱ्याच्या ग्रुपवर टाकायचा नसतो; मूळ फाइलची प्रत करून तिच्यावरच हात चालवावा.

करून पाहण्यावरचा हा भर अभ्यासकांच्या निरीक्षणांशी जुळतो. केनेथ केडिंगर आणि सहकाऱ्यांनी 2015 मध्ये मानसशास्त्राच्या एका ऑनलाइन कोर्सची तपासणी केली. व्हिडिओ पाहणे किंवा मजकूर वाचणे यांच्या तुलनेत सराव करण्याचा शिकण्याशी असलेला संबंध सुमारे सहापट मोठा आढळला. फिलिप गुओ आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये व्हिडिओ पाहण्याच्या 69 लाख नोंदी तपासल्या. व्हिडिओ कितीही लांब असला तरी साधारण प्रेक्षक सहा मिनिटांपलीकडे टिकत नव्हता. दीड तासाचे वेबिनार रेकॉर्डिंग रात्री जेवणानंतर सलग पाहण्याचा संकल्प का मोडतो, हे त्यावरून कळते. ते तुकड्यांनी पाहावे लागते आणि प्रत्येक तुकड्यानंतर कीबोर्डवर हात यावा लागतो. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांच्या 2006 च्या प्रयोगात पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी अधिक आठवले. आठवड्याने मात्र, वाचून झाल्यावर न पाहता आठवून लिहिणारे पुढे गेले. म्हणून पाठ पाहिल्यावर व्हिडिओ बंद करून पायऱ्या आपल्या वहीत, आपल्या भाषेत लिहून काढणे फार उपयोगी पडते. बरेच कोर्स हिंदी किंवा इंग्रजीत असतात. मराठीत लिहिलेली ती दोन पाने पुढच्या महिन्यात व्हिडिओपेक्षा लवकर सापडतात, आणि नव्याने कामाला लागलेल्या मुलीला वरिष्ठ ताई तीच समोर ठेवून शिकवू शकतात. कोर्सचा पासवर्ड वाटणे परवान्याच्या अटीत बसत नाही. शिकलेली गोष्ट दुसऱ्याला शिकवण्यावर तसे काही बंधन नसते.

वेळेचा प्रश्न खरा आहे आणि तो इच्छाशक्तीच्या उपदेशाने सुटत नाही. या धंद्याचा महिना तारखांनी बांधलेला असतो. 7 तारखेला टीडीएसचा भरणा, 11 ला जीएसटीआर-1, 14 ला 2बी, 20 ला जीएसटीआर-3बी, तिमाही रिटर्न भरणाऱ्यांसाठी महाराष्ट्रात 22. जुलै आणि सप्टेंबरमध्ये आयकर विवरणपत्रे आणि टॅक्स ऑडिट यांमुळे दुसरे काही सुचत नाही. राहतो तो 23 तारखेपासून महिनाअखेरपर्यंतचा आठवडा. शिकणे जमते ते याच आठवड्यात, कामाच्या वेळेत, आणि नुकत्याच झालेल्या जुळवणीत जे अडले ते ताजे असताना. मालकाने त्यातला रोजचा अर्धा तास पगारी वेळ मानला तर कर्मचारी शिकतात. ज्या कार्यालयात कोर्सचे पैसे दिले जातात पण वेळ दिला जात नाही, तिथे साठा तेवढा वाढतो. हा खर्च वेळेसकट मोजायला हवा.

सगळेच टिकवावे असेही नाही. ज्याचा आवाज नीट ऐकू येत नाही, जो चुकीचे शिकवतो, ज्याची सॉफ्टवेअर आवृत्ती कार्यालयात कधी येणारच नाही, किंवा ज्या कामाशी आता संबंध उरला नाही, असा कोर्स नोंदीत ‘बंद’ लिहून सोडून द्यावा. त्यासाठी मोजलेले पैसे परत येत नाहीत आणि तो रेटून पाहिल्याने वेळही जातो. तयार टेम्प्लेट आणि डॅशबोर्ड यांचे संच बहुतेक या वर्गात मोडतात. दुसऱ्याने केलेली गुंतागुंतीची सूत्रे न समजता वापरणे कराच्या कामात धोक्याचे आहे.

नवी खरेदी कधी योग्य, हेही या नोंदीवरूनच कळते. अडलेली गोष्ट एका वाक्यात लिहिता आली, जवळच्या साहित्यात ती शोधली, सापडली नाही, आणि मोफत मार्गही पाहून झाले, तर खरेदीला हरकत नाही. मोफत मार्ग कमी नाहीत. आयआयटी आणि भारतीय विज्ञान संस्था यांनी 2003 मध्ये सुरू केलेला एनपीटीईएल आणि 9 जुलै 2017 रोजी सुरू झालेले स्वयम् यांवर शिकणे विनाशुल्क आहे, शुल्क लागते ते परीक्षेला. सनदी लेखापाल संस्था आपले अभ्याससाहित्य आणि जीएसटीवरील पुस्तिका संकेतस्थळावर मोफत देते, आणि एक्सेलच्या प्रत्येक फंक्शनची माहिती मायक्रोसॉफ्टच्या मदतपानांवर उदाहरणांसह असते. पैसे द्यायचेच ठरले तर नमुना पाठ पाहावा, सरावाच्या फाइली आहेत का आणि शेवटची दुरुस्ती कधीची आहे ते तपासावे, पैसे परत मिळण्याची अट वाचावी. उडेमीवर बहुतेक कोर्ससाठी 30 दिवसांत परतावा मागता येतो. ती मुदत कामाची ठरायची असेल तर कोर्स 23 तारखेच्या आसपास घेतलेला बरा, म्हणजे तो लगेच वापरून पाहता येतो. विकत घेतलेल्या कोर्ससमोर वहीत त्याच दिवशी त्या फाइलचे नाव लिहावे, जिच्यावर तो वापरला जाणार आहे. असे नाव सुचत नसेल तर खरेदी थांबवता येते.

वर्गणीचे नूतनीकरण ही देखील खरेदीच असते, फक्त ती निर्णय न घेता होते. ऑटोपे किंवा कार्डाची परवानगी एकदा दिली की वर्षाने पैसे आपोआप जातात. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार पैसे कापण्याच्या किमान 24 तास आधी ग्राहकाला सूचना येते, पण ती नेमकी रिटर्नच्या गर्दीत येते आणि वाचली जात नाही. म्हणून नोंदवहीत नूतनीकरणाच्या तारखा वेगळ्या रकान्यात लिहून, त्याआधीच्या महिनाअखेरच्या आठवड्यात त्या अ‍ॅपमधील शेवटचा पाठ कधी उघडला होता ते पाहावे. वापर नसेल तर यूपीआय अ‍ॅपमधील ऑटोपेच्या यादीतून ती परवानगी रद्द करता येते.